एका दिवसाला एकच जागा

सरळगाव, ता. मुरबाड
विजयादशमी

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार गाठून आत्तेभावंडांना घेऊन इकडे यायचं आणि सगळी आखणी तू करायची, हे घरात मान्य झालं, याचा फार आनंद झाला. चौदाव्या वर्षी माणसाच्या हातात एक अख्खं काम पडायलाच हवं.

तुझी यादी नीट वाचली. माहुली, तानसा, भातसा, माळशेज, नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड. एकही नाव वाया घालवण्याजोगं नाही. पण हे सगळं दोन दिवसांत कोंबलंस, तर धाकट्याला जीपची खिडकी तेवढी आठवेल. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की एका दिवसाला लांबची एकच जागा धर. आणि ती जागा किती लांब नि किती उंच, हे तुझ्या पायांनी ठरवू नकोस, सहा वर्षांच्या धाकट्याच्या पायांनी ठरव. तो जिथवर हसत जाईल, तिथवर आपली सहल.

वेळ तू अचूक निवडली आहेस. हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास पाऊस मुंबईतून माघारी फिरतो. त्यानंतरच्या दिवसांत ओढे अजून वाहते असतात, गवत कमरेएवढं असतं आणि भात पिवळं पडलेलं असतं. शिवाय कोजागरी उलटून गेली की वद्य पक्षात चंद्र उशिरा उगवतो, वसुबारसेच्या सुमाराला तर थेट उत्तररात्री. संध्याकाळचं आकाश काळंभोर मिळतं. मात्र दुपारचं ऊन या दिवसांत फार चढतं. चालणं-फिरणं सकाळी दहा-साडेदहापर्यंत आटप, दुपार सावलीत काढ आणि चारनंतर पुन्हा बाहेर पड. कधी संध्याकाळी ढग गडगडून परतीचा पाऊस पडतो. तेव्हा माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, घर गाठायचं.

येताना गाडी करू नका, लोकलने या. ठाण्याला पहाटेची आसनगाव लोकल धरा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. कल्याण सुटलं की खाडीचा वास मागे पडतो आणि डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात, ते आधी कोणाला दिसतात याची शर्यत लाव. तुझ्या मधल्या आत्तेभावाला रेल्वेचं वेड आहे, त्याला एक गोष्ट सांगून ठेव. हीच लाईन पुढे कसाऱ्याला जाते, आणि तिथून इगतपुरीचा थळ घाट लागतो. चढ इतका खडा, की ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हा मार्ग १८६५ साली सुरू झाला. आजही कसाऱ्याला लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. त्याला ते पाहायचंच असेल, तर पुढच्या खेपेला कसाऱ्यापर्यंत तिकीट काढू. या वेळी आसनगावलाच उतरायचं.

शनिवारची सकाळ माहुलीच्या पायथ्याला. किल्ला आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी एक, आणि त्याचा इतिहासही मोठा आहे. १६३६ साली शहाजीराजे इथे वेढ्यात सापडले होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. हे सगळं मुलांना खालूनच कड्याकडे बोट दाखवून सांग. वर चढायला मोठ्यांनाही दमछाक करणारे काही तास लागतात, धाकट्याला नेऊ नकोस. पायथ्याच्या जंगलात ओढ्यापर्यंत जाऊन येणं पुरेसं आहे.

त्या वाटेवर एक गोष्ट मात्र दाखवल्याशिवाय परतू नकोस. दोन झाडांच्या मधे, तुझ्या डोक्याच्या उंचीला, मोठ्या रानकोळ्याचं जाळं ताणलेलं असेल. उन्हाकडे तोंड करून तिरकं पाहिलंस तर त्याचा धागा सोनेरी दिसतो. मधोमध बसलेली पिवळ्या खुणांची, लांब पायांची थोराड कोळीण ही मादी. आता त्याच जाळ्यात कडेला बघ, तिच्या पायाच्या पेराएवढा एक तांबूस ठिपका असेल, तो तिचा नर. मुलांना हात न लावता पाच मिनिटं तिथे उभं राहू दे. वाऱ्याने पान येऊन अडकलं तर ती काय करते, हे ज्याचं त्याने पाहावं. पाच मिनिटं एका जागी उभं राहता आलं, की रान आपोआप दिसायला लागतं.

हे रान तानसा अभयारण्यात मोडतं. इथे दिवसा हिंडणारं एक घुबड राहतं, रानपिंगळा. १८८४ नंतर ते कोणाला दिसलंच नव्हतं, सगळ्यांनी ते संपलं असं धरलं होतं. १९९७ साली नंदुरबारकडच्या सातपुड्यात ते पुन्हा सापडलं आणि २०१४ मध्ये आपल्या तानसाच्या जंगलातही त्याची नोंद झाली. ते दिसेलच असं नाही. पण जिथे ते राहतं तिथे आपण हळू बोलायचं, मोबाईलवर गाणी लावायची नाहीत आणि पक्ष्यांना बोलवायला त्यांचे आवाजही वाजवायचे नाहीत, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ. कड्यांना आग्या मोहोळं असतात. आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर यांनी ती उठतात. ओढ्यात घोट्यापलीकडे पाय घालायचा नाही. वरून शांत दिसणारे डोह आतून खोल असतात.

आता एका गोष्टीचा विचार तू स्वतः करावास असं मला वाटतं. मुलुंडला तुमच्या नळाला जे पाणी येतं, ते इथूनच जातं. तानसाचं धरण १८९२ सालचं, दगडी बांधणीचं. त्यानंतर मोडकसागर, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणं झाली. मुंबईला लागणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जातं. आणि याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं इथले लोक म्हणतात ते उगाच नाही. मुलांना उपदेश करू नकोस, कंटाळतील. फक्त शहापूरच्या रस्त्यावर मोठे नळ दिसले की सांग, हे पाणी आपल्या घरी चाललंय. मग पाड्यावर हंडे घेऊन जाणारी बाई दिसली की प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. त्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनाही अजून नीट देता आलेलं नाही, हेही त्यांना खरं सांग.

दुपारी शहापूरला जेवा आणि किन्हवलीमार्गे सरळगावला या. आई आणि आत्याला एसटीत अर्धं तिकीट, बारा वर्षांखालच्या मुलांनाही अर्धं, म्हणजे खर्चाचा हिशेबही तुझ्या आवाक्यातला. तो तूच मांड.

रात्री अंगणात अंथरुणं घालू. थोड्या वेळाने पूर्वेला डोंगराच्या वर कृत्तिकांचा पुंजका येईल. कोणाला किती तारे मोजता येतात ते बघू, सहा मोजले तर डोळे चांगले. आणि मी तुम्हाला 'आजोबा' नावाच्या बिबट्याची हकिगत सांगेन. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात माग कळवणारा पट्टा बांधून, आपल्या माळशेज घाटात सोडलं. संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचं शांत, पोक्त वागणं पाहून त्याला हे नाव दिलं. तिथून तो महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. शेतांतून, वस्त्यांच्या कडेने, कसारा स्टेशनाजवळचे रूळ ओलांडून गेला आणि कोणाला इजा केली नाही. आपल्याकडचे महादेव कोळी, ठाकर वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, गावाच्या शिवेवरच्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. जनावर शेजारी आहे हे मान्य करून जगण्याची ती रीत आहे. त्यात शहाणपणही आहे, म्हणून दिवेलागणीनंतर मुलांनी एकट्याने अंगणाबाहेर जायचं नाही आणि परसात जातानाही सोबत मोठं माणूस नि बॅटरी हवी.

रविवारी नाणेघाट, हा तुझा हट्ट मी समजू शकतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपारा बंदरांतून माल बैलांवर लादून जुन्नरला जायचा, तो याच घाटाने. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिने यज्ञांत किती गायी, किती घोडे, किती नाणी दान दिली याची ती यादी, आणि त्यात आपल्या देशातले फार जुने आकडे कोरलेले आहेत. लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज वर नावं दिसतात आणि खाली नुसती पावलं. पण वैशाखऱ्याकडून चढ मोठा आहे नि ऑक्टोबरचं ऊन वाईट. धाकटा दहा वर्षांचा झाला की आपण सगळे पहाटे निघून वर जाऊ. या वेळी वैशाखऱ्याला उतरून, खालून नानाचा अंगठा बघायचा आणि घाटाच्या वाटेवर थोडं चालून परत फिरायचं. काही गोष्टी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवाव्यात, म्हणजे मुलं स्वतःच परत येण्याचा लकडा लावतात.

तिथून नऊच्या आत परत, आणि मग शेतात. माझ्या मते तुझ्या सहलीतली सगळ्यात चांगली जागा तीच, आणि तुझ्या यादीत ती नव्हती. या दिवसांत कापणी चालू असते. विळ्याने कापलेलं भात एक-दोन दिवस शेतातच वाळत पडतं, मग त्याचे भारे बांधून खळ्यावर आणतात. खळं शेणाने सारवलेलं असतं. भारा लाकडावर झोडला की दाणे सुटतात, मग सुपाने वारा देऊन फोलपट उडवतात. सहा वर्षांच्या मुलालाही सांडलेल्या लोंब्या वेचता येतात, आणि सूप धरणारी आजी तुम्हाला तुमच्या हातात सूप दिल्याशिवाय सोडणार नाही. विळ्याला मात्र लहान हातांनी शिवायचं नाही. पेंढ्यात हात घालायचा नाही, खाली घोणस असू शकते. पूर्ण पँट आणि बूट सगळ्यांना हवेत. कोणाला काही चावलंच, तर बांधाबांध, कापाकापी न करता १०८ ला फोन आणि तडक मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय.

खळ्यावर जाताना आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेव. त्या माणसांची ती वर्षभराची कमाई असते आणि परतीच्या पावसाने ती एका संध्याकाळी भिजून जाऊ शकते. म्हणून आधी विचारायचं, मग फोटो. दिलं ते खायचं. काम चालू असेल तर मधे उभं न राहता हाताशी यायचं. शहरातून येणारे पुष्कळ लोक आमच्या गावांकडे फक्त मोकळी हवा म्हणून बघतात. इथे माणसं राहतात, कष्ट करतात, आणि तुमच्या घरातलं पाणी त्यांच्याच डोंगरांवर पडलेलं असतं. मुलांना हे सहलीत समजलं, तर पुस्तकात पुन्हा शिकवावं लागत नाही.

आता कामं वाटून दे. मधल्याकडे गाड्यांच्या वेळा. त्याच्या बहिणीकडे वही, पाहिलेल्या पक्ष्यांची, फुलांची, माणसांनी सांगितलेल्या गोष्टींची नोंद. धाकट्याकडे सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या आहेत ना, हे बघण्याचं काम, आणि तो ते चोख करील. तुझ्याकडे पैसे आणि वेळ. खाऊची पाकिटं आणलीत तर रिकामी परत न्यायची, इथे टाकायची नाहीत. तुमचे मोबाईल आई एका पिशवीत ठेवील, एक फोन चालू राहिला म्हणजे पुरे.

दोन दिवसांचा तक्ता तुझ्या अक्षरात लिहून पाठव. प्रत्येक दिवसाला लांबचं एकच ठिकाण आहे ना, हे मी आधी बघेन. तोवर इथे खळ्यावर विचारून ठेवतो, म्हणजे झोडणीचा दिवस रविवारी येईल अशी काही सोय होते का ते कळेल. घरातल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग.

तुझे,
आजोबा