आज्ञा मोडणारें कुत्रें

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील स्थानकांवर आंधळे प्रवासी पांढरी काठी टेकीत लोकलगाडीकडे जातांना वाचकांनीं पाहिले असतील. कोणी भला मनुष्य न पुसतांच त्यांचा दंड धरून ओढतो, व कित्येकदां भलत्याच डब्यांत चढवितो! हेतु चांगला; पण यास साह्य म्हणावें काय?

आंधळ्यांस साह्य करणारीं कुत्रीं आपल्याकडे विरळाच. महायुद्धांत नेत्र गमावलेल्या शिपायांसाठीं जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें 1916 सालीं अशा कुत्र्यांची शाळा निघाली. 1929 सालीं अमेरिकेंतही एक निघाली. पुष्कळांस वाटतें कीं, कुत्रेंच धन्यास बाजारीं नेतें. तसें नाहीं. वाट धन्याच्या मनांत असते. डावें-उजवें तोच सांगतो, रस्ता ओलांडण्याची वेळही तोच कानानें ठरवितो. कुत्रें खांब व खड्डे चुकवितें, पायरीपाशीं थांबतें. मात्र धनी "पुढें" म्हणाला आणि समोरून मोटार आली, तर तें जागचें हालत नाहीं. ही अवज्ञा त्यास मुद्दाम शिकवितात.

आमच्या मतें मर्म येथेंच आहे. अवज्ञेचा अधिकार संकटापुरता. मोटार गेली कीं कोठें जावें हें पुन्हा धनीच ठरवितो. आमच्या घरांतून मात्र आंधळ्या बापाचें जेवण, कपडा, गांवीं जाणें, सर्व मुलगाच ठरवितो, आणि त्यास प्रीति म्हणतो.

तेव्हां स्थानकावर "कोठें जाणें आहे?" असें प्रथम विचारावें व आपला दंड पुढें करावा, धरणें न धरणें त्याजकडे. पाय फलाटाच्या कडेबाहेर पडत असेल, तर मात्र विचारीत बसूं नये, ओढावें.