पांडुरंगा, हस्त चुकवू नकोस

पांडुरंगा, उत्तरा कोरड्याच चालल्यात. चार दिवसांवर हस्त नक्षत्र आलंय. विठ्ठला, हस्त चुकवू नकोस.

फार मागत नाही रे. आमच्या सोलापूर जिल्ह्याला तू वर्षाचा म्हणून देतोस तो पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात एवढा कधीकधी आठवडाभरात पडून जातो. तो कमी आहे असं आमच्या आज्या-पणज्या कधी म्हणाल्या नाहीत, त्यांनी तेवढ्यात संसार केले, लेकरं वाढवली, दारी आलेल्याला भाकरी घातली. मीही जास्त मागत नाही. आहे तेवढाच दे, पण वेळेवर दे. मृग हुकला तर सोसू, आषाढात धुळीच्या वाटेने तुझ्या पंढरीला येऊ आणि तरी नाव घेऊ. हस्त तेवढा दे.

मंगळवेढ्याची ही काळी जमीन तूच दिलीस. खोल खणलं तरी दगड लागत नाही अशी. तिच्या पोटात हस्ताची ओल मुरली की पुढे थेंब पडला नाही तरी मालदांडी ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर उभी राहते. पौषात हुरडा होतो, माघ-फाल्गुनात काढणी येते. विहीर लागत नाही, मोटार लागत नाही. ती ओल मात्र कुठल्या बाजारात विकत मिळत नाही, देवा. ती तुझ्याकडूनच यावी लागते.

काल संध्याकाळी शेतात गेले, मूठभर माती दाबून पाहिली. वाफशाची माती मुठीत धरते आणि खाली टाकली की फुटते. कालची धरलीच नाही. बोटांच्या फटीतून भुगा होऊन गळून गेली. बियाणं घरात येऊन पडलंय. पाभर दुरुस्त करून ठेवलीय.

तुझे उपकार मी विसरत नाही. ज्या वर्षी दिलंस, त्या वर्षीची ती पांढरीशुभ्र भाकरी, तव्यावरून काढली की टम्म फुगलेली. गोठ्यात कडब्याची गंजी, दूध आटत नाही, गाय विकावी लागत नाही. एका पिकात तू माणसाचं आणि मुक्या जनावराचं दोघांचं पोट भरलंस. हे माझ्या बुद्धीला कधी सुचलं नसतं. धन्य आहेस.

पण पांडुरंगा, मला भीती वाटते. तुझ्यापाशी लपवू कशाला? 2023 चा ऑगस्ट असा कोरडा गेला की 1901 पासूनच्या देशाच्या नोंदीत तसा ऑगस्ट नव्हता. आणि 2025 च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की माढा-मोहोळकडची उभी शिवारं पाण्याखाली गेली, माती खरवडून गेली. माती गेल्यावर पुढच्या हस्ताची ओल धरायची कुणी? एक साल चुकलं की कडबा महागतो, जनावरं बाजाराला निघतात, नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि शाळेतली पोरं त्यांच्यामागे फडावर. घरी म्हातारी माणसं राहतात, रेशनच्या माणशी 5 किलो धान्यावर. ते धान्य आहे म्हणून चूल पेटते, त्याला नावं ठेवू नयेत. पण गहू-तांदळाच्या त्या पिशवीतून गाईला काय घालायचं?

1972 चा दुष्काळ सांगणारी माणसं अजून गावात आहेत. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, उन्हात फोडलेली खडी, हातांनी बांधलेले पाझर तलाव. त्या साली माणसं तगली ती हाताला काम आणि कामाला दाम मिळालं म्हणून. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. ते शहाणपण त्या वेळी तूच कुणाकुणाच्या मनात घातलं असशील. ते मावळू देऊ नकोस.

कारण पाऊस तुझा असला तरी वाटप आमचं आहे. तुझी भीमा उजनीला अडवली, 1980 सालापासून तिथे पाणी साठतंय. कालव्याच्या खाली ऊस डोलतो आणि वरच्या अंगाला माणसं टँकरची वाट पाहतात. यात तुला कसा बोल लावू? आमच्या मनाला पाझर फोड, एवढंच म्हणते.

तुला आठवण करून द्यायला मी कोण? पण ह्याच गावात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं भुकेल्यांना उघडून दिली, आणि त्यांच्या पाठीशी तू उभा राहिलास. विठू महार होऊन बेदरच्या दरबारात गेलास, धान्याचे दाम स्वतः मोजलेस. तेव्हा तू त्यांना विचारलं नाहीस की हुकूम नसताना कुलूप का काढलं. आजही असं एखादं कुलूप काढायची वेळ कुणावर आली तर त्याच्या पाठीशी उभा राहा.

हस्त दे, विठ्ठला. बेतानं दे. रात्रीतून कोसळू नकोस, चार दिवस जिरव. पेरणीला वाफसा दे. कणसात दाणा भरताना अवकाळी आणू नकोस, ज्वारी काळी पडते.

आणि ज्यांना पेरायला वीतभर जमीन नाही, त्यांचं माझ्या आधी ऐक. चोखोबा इथेच गावकुसाच्या कामावर ढिगाऱ्याखाली गेले. त्यांचं गाव आहे हे. मजुरांचे हात रिकामे ठेवू नकोस. यंदा कुणी कोयता उचलून परमुलखाला जायला नको. माघात माझ्या रानात ज्वारी उपटायला माणसं येऊ देत, आणि त्यांची मजुरी म्हणून पायली-पायली भरून देण्याइतकी रास खळ्यावर पडू दे.