दगडावरचे नाव



येत्या २ नोव्हेंबरला आपण सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन पाळणार आहोत. पाऊस संपला, दफनभूमीतले गवत कापायला आले आणि दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे दोन सूचनाही आल्या. एक, जुने दगड ॲसिडने धुऊन स्वच्छ करावेत. दुसरी, कललेले व फुटलेले दगड काढून सगळीकडे एकसारख्या ग्रॅनाइटच्या लाद्या बसवाव्यात. दोन्ही सूचना चांगल्या मनाने केलेल्या आहेत. पण त्याआधी मला माझी एक चूक तुम्हाला सांगितली पाहिजे.

माझ्या आधीच्या एका धर्मग्रामात मी नवीन होतो. दफनभूमीतले संगमरवरी दगड काळे पडले होते. मी स्वतः कामगाराला ॲसिड आणून दिले. दगडावर फेस आला आणि तासाभरात दगड पांढराशुभ्र झाला. मला मोठे समाधान वाटले. स्मरणदिनी एक आजीबाई आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. दरवर्षी त्या आपल्या आईच्या नावावरून बोट फिरवीत आणि प्रार्थना करीत. त्या दिवशी त्यांचे बोट दगडावर फिरतच राहिले. मग त्यांनी विचारले, “फादर, आईचं नाव कुठं गेलं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रागावल्या नाहीत, हे मला अधिक जड गेले.

संगमरवर हा चुनखडीच्याच जातीचा दगड. ॲसिड लागले की तो विरघळतो. मी ज्याला मळ समजत होतो तो फेस दगडाचाच होता. आधीच झिजलेली अक्षरे त्यात निघून गेली.

कोणी विचारील, नाव गेले म्हणून काय बिघडले? देव तर प्रत्येकाला नावाने ओळखतो. प्रश्न योग्य आहे. संत मोनिकाने ३८७ साली मरताना आपल्या मुलांना सांगितले की माझे शरीर कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने पुढे मृतांच्या काळजीविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो स्पष्ट सांगतो की अंत्यविधीचा थाटमाट मृतांपेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी असतो. मृतांना उपयोग होतो तो प्रार्थनेचा. पण त्याच ग्रंथात तो हेही म्हणतो की डोळ्यांआड झालेला माणूस मनाआडही होऊ नये, म्हणून थडग्यावर खूण असते. म्हणजे दगड आपल्याला प्रार्थनेची आठवण करून देतो. १९४५ साली ऑस्टिया येथे दोन मुले खांब रोवण्यासाठी खड्डा खणत होती. त्यांना एक फुटका दगड सापडला. तो मोनिकाच्याच थडग्यावरील लेखाचा तुकडा होता! जिने दगडाची पर्वा केली नाही, तिचीही आठवण एका दगडाने जागी केली.

म्हणून ह्या वर्षी आपण काम नीट करू या.

प्रथम प्रत्येक दगडाचा फोटो काढा आणि नाव, तारीख व जागा वहीत लिहा. अक्षरे पुसट असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना पाहा. दुपारी न दिसणारे अक्षर तेव्हा दिसते.

धुताना साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरा. दगड आधी भिजवा, खालून वर धुवा. शेवाळ बांबूच्या चिपेने हळूच काढा. ॲसिड, ब्लीच, धुण्याची पावडर, तारेचा ब्रश नको. अक्षरांत ऑइल पेंट भरू नका. ज्या दगडाचे पापुद्रे सुटतात किंवा बोटाला भुकटी लागते, त्याला हातच लावू नका.

कललेला दगड एकट्याने उचलू नका. एक घनफूट संगमरवर सुमारे ७५ किलो भरतो. खड्डा खणून तळाशी खडी व वाळू घाला आणि ठोकून घट्ट करा, म्हणजे पाणी साचणार नाही. दगडाचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत राहू द्या. ओळंबा लावून दगड उभा करा आणि माती थराथराने धुमसाने ठोका. बुडाशी सिमेंट काँक्रीट ओतू नका. जमीन थोडी सरकली तर मातीतला दगड कलतो. काँक्रीटमध्ये अडकलेला मोडतो. सांधे भरायचे तर चुना वापरा. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कडक असते. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून निघते आणि पृष्ठभाग सोलून काढते. फुटलेले तुकडे लोखंडी सळईने जोडू नका. लोखंड गंजून फुगते आणि दगड पुन्हा फुटतो. तुकडे एकत्र, आडोशाला ठेवा.

आणि मेणबत्त्या! त्या दगडावर चिकटवू नका, वाळू भरलेल्या पत्र्याच्या ताटात लावा.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्न जमिनीत पोर्तुगीज काळातले थडग्यांचे दगड तुम्ही पाहिले असतील. किल्ला १७३९ साली पडला. त्या माणसांचे इथे कोणी वारस उरले नाहीत, तरी नावे आपल्याला थांबवतात. आपल्या दफनभूमीतही असे दगड आहेत, ज्यांच्यापाशी आता कोणी फूल ठेवायला येत नाही. लाद्यांच्या योजनेत पहिले तेच जातील, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. मृतांना पुरणे हे दयेचे काम आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. ज्याला कोणी नाही, त्याचे नाव राखणे हे त्याच कामाचे शेवटचे टोक नव्हे काय?

याकोबाने राहेलच्या कबरेवर स्तंभ उभारला आणि तो पुढच्या वाटेला लागला. आपणही वाटसरू आहोत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बादली, मऊ ब्रश आणि वही घेऊन या. प्रत्येक कुटुंबाने आपल्या दगडाबरोबर एक बिनवारशी दगड धुवावा, त्यावरचे नाव मोठ्याने वाचावे आणि त्या आत्म्यासाठी एक ‘आमच्या बापा’ म्हणावी.

त्या आजीबाईंच्या आईचे नाव मी त्यांना विचारून घेतले होते. दर २ नोव्हेंबरला वेदीवर मी ते घेतो. दगडावर मात्र ते मला परत लिहिता आले नाही.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू