घरी कोण राहणार?

या मननासाठी डोळे मिटायचे नाहीत. उघडेच राहू द्या. गाडीत बसा, पाठ सीटला टेकू द्या, इंजिन बंद करा, काच खाली घ्या. जून संपत आलाय. दक्षिण न्यू जर्सीतलं व्हाइनलंड गाव, तिथलं डेल्सी ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायचं उघड्यावरचं थिएटर. एडिसन गावच्या एका मराठी घरातली सगळी मंडळी इथं आली आहेत: आई, बाबा, दोन मुलं आणि उन्हाळ्यापुरती साताऱ्याहून आलेली आजी. तुम्ही त्यांच्यातलेच एक. कोण, ते तुम्हीच ठरवा.

समोर भलामोठा पांढरा पडदा आहे, त्यावर अजून काहीच नाही. साडेआठ होऊन गेले तरी आकाश उजळच आहे आणि हा उजेड सरेपर्यंत चित्रपट सुरू होणार नाही. तिकिटं काढून झाली, मक्याच्या लाह्यांचा मोठा पुडा आला, आता करण्यासारखं काही उरलं नाही. हा रिकामा वेळ भरून काढायला फोनकडे हात जाईल. जाऊ देऊ नका. मुलं विचारतील, कधी लागणार? त्यांना पडद्यामागचं आकाश दाखवा.

अंधाराची ही सक्ती ड्राइव्ह-इनच्या मालकांना फार जाचली. 1966 च्या कायद्यानंतर उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे एकसारखी लागू झाली, आणि अंधार तासभर उशिरा पडू लागला. लहान मुलांच्या घरांना इतका वेळ जागणं जड. आणि हा धंदा तर त्याच घरांवर चालायचा.

आता लक्ष थोडं मागे न्या. इथून फार लांब नाही, कॅम्डनजवळ, 6 जून 1933 रोजी रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी पेटंट घेऊन पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्याआधी त्यांनी रिव्हर्टनमधल्या आपल्या घराच्या अंगणात प्रयोग केले होते. दोन झाडांना चादर ठोकली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, चादरीमागे रेडिओ लावला. पाऊस आला तर कसं दिसेल हे बघायला गाडीवर बागेतला फवारा सोडला. पुढच्या गाडीच्या टपावरून मागच्यांना दिसावं म्हणून चाकांखाली ठोकळे सरकवत उंची जुळवली. त्या ठोकळ्यांमधूनच उतरत्या-चढत्या रांगांची कल्पना निघाली, आणि पेटंटचं मर्म तेच होतं.

हे सगळं कशासाठी? त्यांच्या आईला थिएटरच्या अरुंद खुर्चीत बसणं जमत नसे, त्यावरून हे सुचलं असं सांगतात. मला ही गोष्ट मनापासून आवडते. पहिल्या जाहिरातींमध्येही मुलं कितीही दंगा करोत, अख्ख्या कुटुंबाचं स्वागत आहे असं लिहिलेलं होतं.

इथं जरा थांबा, आणि आपल्या घराकडे वळा. सिनेमाला निघताना तुमच्याकडे मागे कोण राहतं? गुडघे धरलेली आजी, तान्हं बाळ आणि त्याच्याबरोबर त्याची आई, रात्रभर खोकणारे आजोबा, अंधारात मोठा आवाज झाला की घाबरणारा मुलगा. ‘तुम्ही जाऊन या, मी आहे घरी’ हे वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंय? त्या माणसाचा चेहरा समोर येऊ द्या. त्याने ते किती सहज म्हटलं होतं आणि तुम्ही किती सहज मानलं होतं, तेही आठवा. खंत करायची गरज नाही, फक्त त्या चेहऱ्यापाशी थोडा वेळ राहा.

मग हळूच शेजारी बघा. आजी पुढच्या सीटवर आहे, सीट पुरती मागे सरकवलेली, चपला काढून पाय लांब केलेले. मांडीवर लुगड्यांची गोधडी. साताऱ्याहून येताना बॅगेचं वजन वाढतंय म्हणून सुनेने नको म्हटलेली, तरी आणलेली. तिचे टाके बोटाला लागतात, ओळी थोड्या वाकड्या आहेत, एका कोपऱ्यात हिरव्या काठाचा तुकडा आहे. आजी मधूनच त्या काठावरून अंगठा फिरवते. तिला हवं तेव्हा ती बोलेल, चित्रपट चालू असतानाही विचारेल की हा कोण, हिचा भाऊ का? इथं कुणी वळून शुक् करणार नाही.

आता पडद्याकडे. जाहिराती सुरू झाल्या आहेत, अजून फिकट. काही मिनिटांत रंग भरत जातील. रंग भरण्याचा नेमका क्षण पकडायचा प्रयत्न करा. तो सापडत नाही.

आवाज ऐका. हॉलिंग्सहेडच्या काळात मोठे कर्णे पडद्यापाशीच असत, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत शब्द ओठांच्या मागून पोचायचा आणि शेजारच्या वस्तीची झोप उडायची. पुढे खांबावरचे छोटे स्पीकर आले, ते काचेला अडकवत. आता एफएम रेडिओवर आवाज गाडीत येतो. तुमच्या गाडीतलं वाक्य ऐका, मग कान थोडे लांब न्या. उघड्या काचांमधून तेच वाक्य शेजारच्या गाडीतून, त्यापलीकडच्या गाडीतून येतंय. कुठेतरी बाळ रडतंय, कुणीतरी त्याला उचलून गाड्यांमधून फिरवतंय. आणि तोही चित्रपट बघतोय.

न्यू जर्सीत आता हे एकच ड्राइव्ह-इन. डेल्सी 1949 मध्ये सुरू झालं, 1987 मध्ये बंद पडलं. 1991 मध्ये हॅझ्लेट गावचं ड्राइव्ह-इनही गेलं, तेव्हा जिथं हा प्रकार जन्मला त्या राज्यात एकही पडदा राहिला नाही. 2004 मध्ये डेल्सी पुन्हा उघडलं. त्यामागे एक बालरोगतज्ज्ञ होते, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही.

पहिला चित्रपट संपला. धाकटी मागच्या डिकीत उशीवर झोपली आहे, थोरला डोळे ताणून बसलाय. एकाच तिकिटात अजून एक चित्रपट आहे, आणि घर दीड तासावर. निघायचं की थांबायचं, हे बाबा ठरवायला लागलेत. त्यांना थोडं थांबवा. आधी आजीला विचारा.