बोट आणि खडू

मराठींत बोट दाखविणें म्हणजे दोष देणें आणि बोट धरून चालविणें म्हणजे आधार देणें. बोट मात्र तेंच.

२०२० सालीं महामारीमुळें वर्ग बंद पडले, तेव्हां साताऱ्याचे व सांगलीचे आम्ही अध्यापक घरबसल्या 'झूम'वरील प्रशिक्षणसभांना बसूं लागलों. तेथें एकाचा पडदा सर्वांपुढें येतो व त्यावर बाण वा रेघ काढितां येते. परंतु सभाचालक वाटल्यास इतरांची लेखणी बंद करूं शकतो.

अशाच एका सभेंत साताऱ्याच्या मार्गदर्शकांनीं सांगलीच्या एका नव्या शिक्षिकेच्या पाठटिपणावर तांबडें वर्तुळ काढिलें. तिला खुलासा करावयाचा होता. पण तिचा आवाज व लेखणी दोन्ही बंद ठेविलेलीं होतीं. आम्ही नुसते पाहत राहिलों, तें आजहि बोचतें.

यांत दोष यंत्राचा नव्हे. पन्नास जणांनीं एकदम रेघा ओढिल्यास पाठ बुडेल, म्हणून लेखणी आवरणें योग्यच. तथापि ज्याच्या लिखाणावर आपण खूण करितों, त्याला तरी उत्तराची रेघ ओढितां आली पाहिजे. एरव्हीं शिकविणें संपतें व आरोप उरतो. चांगला गुरुजी फळ्यावरील चूक दाखवून खडू विद्यार्थ्याच्याच हातीं देतो. पडदा नवा असला तरी तो खडू देण्याचें कर्तव्य जुनेंच आहे.