करणाऱ्याची मर्यादा

उपासकाने कोणते व्यापार करू नयेत, याची बुद्धाने सांगितलेली एक छोटी यादी आहे: शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष. यातल्या चौथ्यावर माझे घर चालते. मी दारू विकत नाही. पण वाईन, फेणी, व्हिस्की, लिकर यांच्यावर लिहिणे हाच माझा व्यवसाय आहे. बनवणाऱ्यांच्या दारी जायचे, चव घ्यायची आणि ती शब्दांत वाचकापर्यंत पोहोचवायची. त्यामुळे सम्यक आजीव, म्हणजे योग्य उपजीविका, हा प्रश्न मला पोथीत ठेवून देता येत नाही. दर महिन्याच्या मानधनासोबत तो घरी येतो.

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘प्रमाणात घ्या’. ते मला कधीच पुरेसे वाटले नाही. त्यात सगळा भार पिणाऱ्यावर टाकलेला असतो, आणि ज्याचा तोल गेलेला आहे त्यालाच तोल सांभाळायला सांगितलेले असते. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, तिच्यामागे गावोगावच्या बायकांचा रेटा होता. त्यांना मी माझ्या विरुद्ध बाजूला उभे करू शकत नाही. त्याच जिल्ह्यातल्या माडिया आणि गोंड घरांत देवापुढे, पूर्वजांच्या नावाने मोहाच्या दारूची धार सोडतात. एकाच रानातले एकच फूल. कोणी ते देवाला वाहते, कोणी त्याच्यापायी उपाशी झोपते. पदार्थ पवित्र की अपवित्र, असे विचारत राहिलो तर यातून वाट निघत नाही. म्हणून मी विचारतो, करणाऱ्याने कुठे थांबायचे ते ठरवले आहे का?

हे मला गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या फेणीच्या एका भट्टीवर सुचले. एप्रिल महिना होता. काजूच्या बागेत जमिनीवर पडलेली बोंडे वेचली जात होती. झाडावरचे बोंड तोडायचे नाही, पिकून आपोआप गळेल तेच घ्यायचे, हा तिथला रिवाज. बी पिरगळून काढायची आणि बोंडे कातळात खोदलेल्या उथळ डोणीत टाकून पायांनी तुडवायची. रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, यीस्ट वगैरे काही घालावे लागत नाही. मग तो तांब्याच्या भाणात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात, चढतो. पहिल्या धारेचा हुर्राक साधारण पंधरा टक्क्यांचा, हलका, फळाचा वास अजून अंगावर असलेला. हुर्राकात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केले की फेणी. चाळिशीच्या पुढची ताकद, आणि नाकाशी नेताच पिकलेल्या बोंडाचा तो उग्र, किंचित तुरट दरवळ. शहरातल्या पुष्कळांना तो सहन होत नाही. मला त्यात ती बाग, तो उन्हाळा, डोणीभोवती घोंघावणाऱ्या माश्या, सगळे सापडते. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारसा पेय ठरवले. हे योग्यच झाले.

भट्टीचा मालक साठीचा. हंगामातला पहिला हुर्राक त्याने राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, ठेवला होता, सोबत रोट आणि विडी. मी त्याला सरळ विचारले, “दादा, ह्याच्यापायी एखाद्याचं घर बुडालं तर ते कोणाच्या माथी?”

तो भाणाखालची लाकडे मागे ओढत म्हणाला, “गावातल्या दोघांना मी थेंब देत नाही. एकाची बायको इथंच बोंडं वेचायला येते. दिवसा तिला मजुरी द्यायची आणि रात्री तीच मजुरी तिच्या नवऱ्याकडून परत घ्यायची? मग राखणदाराला काय सांगू?”

नैवेद्याचा अर्थ मला त्या उत्तरात सापडला. पहिला वाटा ज्याच्यापुढे ठेवला, त्याला उरलेल्या मालाचा हिशेबही द्यायचा असतो. अर्थात हा माणूस आपल्या गिऱ्हाईकांना नावानिशी ओळखतो. बाटलीत भरून पाचशे मैल दूर गेलेल्या दारूचे काय?

यावर मला फ्रान्समधल्या आल्प्सच्या पायथ्याशी विचार करायला मिळाले. तिथे शार्त्रोझ बनते. संत ब्रुनोने १०८४ साली स्थापलेल्या कार्थुसियन पंथाचे हे मद्य. साधू एकेकट्या कोठडीत, बहुतेक वेळ मौनात राहतात. १६०५ साली त्यांच्या हाती आलेल्या एका हस्तलिखितातून, १३० वनस्पती वापरणारी ही कृती पुढे घडत गेली. मठात पाहुण्यांना प्रवेश नाही, मी व्वारों इथल्या तळघरापर्यंतच पोहोचलो. हिरव्या शार्त्रोझची ताकद ५५ टक्के. जिभेवर आधी गोडवा, मग पुदिन्यासारखा गारवा, आणि मग बराच वेळ रेंगाळणारा कडवटपणा. अलीकडे जगभरच्या बारमधून मागणी वाढत गेली. साधूंनी मात्र २०१९ साली ठरवले की उत्पादन वाढवायचे नाही, वर्षाला १६ लाख बाटल्यांच्या आसपास थांबायचे. कारण साधे होते: आपण प्रार्थनेसाठी इथे आलो आहोत, आणि डोंगरातल्या वनस्पतींनाही अंत आहे.

मागणी असताना थांबणे ही मला साधनाच वाटते. उपवासापेक्षा अवघड. तेव्हापासून मी प्रत्येक उत्पादकाला विचारतो, तुम्ही कुठे थांबणार आहात? नाशिकजवळच्या एका तरुण वाईनमेकरने विचार करून सांगितले, “स्वतःच्या द्राक्षांपुरतंच.” इतर बहुतेकांनी नव्या टाक्या दाखवल्या.

हे सगळे मी नागपुरात एका वयोवृद्ध उपासकांना सांगितले. १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि या उपासकांनी ती वडिलांकडून घेऊन आयुष्यभर पाळली आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “तुमचा तो भट्टीवाला चांगला माणूस आहे. पण त्यानं दोघांना ओळखलं. तिसरा अजून त्याला ओळखू आलेला नाही, आणि शील आहे ते त्या तिसऱ्यासाठी.”

मला उत्तर देता आले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये सत्तरीला जाईन तेव्हा हा तिसरा माणूस भट्टीच्या मालकापुढे ठेवणार आहे.