फेसातला माणूस

बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तळ्याचे फोटो २०१५पासून जगभर फिरले. घराघरांतला साबण, प्रक्रियेविना सोडलेला मैला. पाणी सांडव्यावरून घुसळत पडलं की फेस, आणि वारा सुटला की तो थेट रस्त्यावर. फेब्रुवारी २०१७मध्ये तळं चक्क पेटलं, जानेवारी २०१८मध्ये पुन्हा. तेव्हा आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. या फोटोंची गंमत (क्रूर म्हणा हवं तर) अशी, की ते दिसतात फार देखणे. पांढराशुभ्र आकार, खाली काळं पाणी. फ्रेम करून टांगलं तर अमूर्त चित्र म्हणून सहज खपेल. नाकाला रुमाल बांधून त्यातून दुचाकी काढणारा माणूस मात्र त्यात नुसता ठिपका होऊन बसतो.

म्हणून या भागात वावरताना मला चित्रकार सुधीर पटवर्धन आठवतात. १९४९चा पुण्यातला जन्म, तिथल्याच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, मग २००५पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. डॉक्टर म्हटल्यावर ‘माणसाच्या आत पाहणारी नजर’ वगैरे लिहिलं जातं. मला ते पटत नाही. त्यांनी रंगवलं ते बाहेरचंच: अंगाचा भार, दमलेले खांदे, कपड्याच्या चुण्या. अमूर्ताचा दबदबा असलेल्या काळात, १९८१मध्ये, ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनातून भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख प्रभृतींसोबत त्यांनी माणसाला पुन्हा कॅनव्हासवर जागा दिली.

पण हे नुसतं वास्तववादी चित्रण नव्हे. सेझानकडून त्यांनी घेतलं ते घनाकारांचं भान. १९७७च्या ‘इराणी रेस्टॉरंट’मधला माणूस फोटोसारखा हुबेहूब नाही, त्याला जड, ठोस केलंय, म्हणून तो खरा वाटतो. २००१च्या ‘लोअर परळ’मध्ये तर एका जागी उभं राहून जे दिसणारच नाही ते एकत्र येतं: गिरण्या, नवे टॉवर, रेल्वे, पूल आणि गर्दी. डोळा एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सरकतो तशी पाहण्याची जागाही सरकते. इथे अमूर्ताचं काम रचना बांधण्याचं आहे. त्या रचनेमुळेच एवढ्या पसाऱ्यात माणूस हरवत नाही. त्यांच्या नंतरच्या काही विस्तीर्ण चित्रांत तो मला जरा जास्तच लहान वाटतो, पण पुसला गेलेला नाही.

बेळ्ळंदूरला असं कुणी रंगवायला हवं. आउटर रिंग रोडवर मेट्रोचे खांब, काचेच्या इमारती, गेटवर ओटीपी सांगत ताटकळलेला डिलिव्हरीवाला, पत्र्याच्या खोल्यांतून कामावर निघालेले गवंडी. रेखाटायला सगळं हाताशी आहे, आणि नुसती हुबेहूब नक्कल केली तर त्याचं बिल्डरचं माहितीपत्रक होईल. उलट नुसत्या आकारांत शिरलं, तर पुन्हा तो फेसाचा फोटो.

अडचण कौशल्याची नाही, मुक्कामाची आहे. पटवर्धनांनी ठाण्यात दशकंच्या दशकं त्याच रस्त्यांवरची माणसं पाहिली. आमच्याकडे अकरा महिन्यांचा करार, मग दुसरा फ्लॅट, नाहीतर दुसरं शहर. समोरच्या दारातल्या माणसाचा चेहरा ओळखीचा होईतो तो गुरुग्रामला पोचलेला असतो. तळ्याकाठचा चारा कापून गाईम्हशी पाळणारी माणसं मात्र इथलीच, जुनी. त्यांच्यातलं एखादं पोर कर्नाटक चित्रकला परिषदेत शिकत असेल, तर पहिला ब्रश त्यानंच उचलावा. आम्ही भाडेकरूंनी फार तर प्रदर्शनाला जावं.